देणारा कोण, दिलेला कोण?

१९७९ सालच्या पौष पुनवेला, मुरबाड तालुक्यातल्या म्हसा यात्रेत, मी एका म्हाताऱ्याची गोष्ट भर रंगात बंद पाडली. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. खिशात बाबासाहेबांचा फोटो, डोक्यात नामांतर आणि तोंडात कायम नकार. आज साठी ओलांडली आहे. पण त्या रात्रीचा हिशेब अजून चुकता झालेला नाही. तो तुमच्यापुढे मांडतो. तुम्ही तरुण आहात, चळवळीत आहात, आणि उद्या तुमच्याही हातून अशीच एखादी गोष्ट बंद पडेल म्हणून मांडतो.

म्हशाला बैलबाजार भरतो. दिवसा सौदे, रात्री शेकोट्या. आमच्या वस्तीच्या गाड्या एका अंगाला सुटलेल्या. का एका अंगाला, ते तुम्हाला सांगायला नको. त्या गाड्यांच्या आडोशाला एक म्हातारा एकतारी घेऊन बसायचा. दर साली. त्याला सगळे आजाच म्हणत. थोडं गायचा, थोडं बोलायचा, मध्येच बिडी ओढायचा, असं करत रात्र काढायचा. गोष्टी त्याच्याकडे पुष्कळ होत्या, पण लोक मागायचे ती एकच. बुरुजाची.

घाटावर एक गड बांधायला काढला. सगळा गड उभा राहिला, एक बुरूज काही उभा राहीना. दिवसा चढवावा, रात्री ढासळावा. चुना बदलून झाला, चिरे बदलून झाले, पाथरवट बदलून झाले. मग राजाला स्वप्न पडलं, की थोरला मुलगा आणि सून जित्ती पायात घाला, मग बुरूज थांबेल. इथं आजा थांबायचा. म्हणायचा, "सपान राजाला पडला. पर राजाच्या पोराचा नाव काय त्या सपनात आला नाय."

मग राजाचा माणूस महारवाड्यात आला. बहिरनाकाने आपला थोरला नाथनाक दिला आणि सून देवकाई दिली. दोघांना उभं केलं. भोवतीनं चिरे रचत आणले. गुडघा झाला, कंबर झाली, छाती झाली. चिरे गळ्याशी आले की आजा एकतारी खाली ठेवायचा. तांब्या उचलायचा. सावकाश पाणी प्यायचा. कोणी हलायचं नाही. शेवटी एखादं पोर विचारायचं, "मग पुढं?" आजा म्हणायचा, "पुढं काय? बुरूज उभा ऱ्हायला. येतो जातो तो बुरूज बगतो."

त्या रात्री तो पाणी प्यायला थांबला आणि मी उठलो. भाषणच ठोकलं. ही गुलामीची गोष्ट आहे, म्हणालो. आपला बाप आपल्या पोराला राजाच्या भिंतीत चिणतो आणि तुम्ही माना डोलावता? अशा गोष्टींनीच आपल्याला मरायला शिकवलं. यापुढं वस्तीत ही गोष्ट चालणार नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारी माणसं खाली बघत राहिली. आजा एवढंच म्हणाला, "बाबा, तुमी शिकल्याली मानसं. तुमचा खरा आसंल." एकतारीला फडकं गुंडाळलं आणि आडवा झाला. पुढच्या साली तो आला नाही. त्याच्या पुढच्या साली कळलं की वारला. त्याच्या बाकीच्या गोष्टी कोणाला येत नाहीत. मलाही नाही.

पुढे किती तरी वर्षांनी तीच गोष्ट मला छापलेली भेटली. इंग्रजांनी १८८५ साली काढलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात. गड पुरंदर. बुरूज शेंद्र्या. नावं तीच. बहिरनाक, नाथनाक, देवकाई. 'नाक' हा शेवट कोणाच्या नावाला लागत होता, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. गॅझेटिअरातली गोष्ट मात्र गळ्याशी थांबत नाही. ती इनामापर्यंत जाते. बळी मिळवून देणाऱ्या येसाजी नाईकाला गड मिळाला आणि बहिरनाकाला दोन गावं मिळाली. म्हणजे सौदा पुरा झाला, कोणाचं देणं राहिलं नाही.

आजाने इनाम कधीच सांगितलं नाही. विसरला होता म्हणून नव्हे. सबंध गोष्टीत चुना कुठला, चिरा कुठला हे ज्याला पाठ, तो दोन गावं विसरेल? त्याला हिशेब मिटवायचाच नव्हता. ऐकणाऱ्याच्या गळ्याशी चिरा ठेवून तो उठायचा. मी जिला गुलामीची गोष्ट म्हणालो, तिच्यात सवाल होता. मी सवालच बंद पाडला आणि टाळ्या घेतल्या.

दोस्तहो, ही गोष्ट आपलीच आहे असंही समजू नका. रशियाच्या दक्षिणेला कॉकेशस डोंगरात जॉर्जिया नावाचा लहानसा देश आहे. तिथं सुरामी नावाचा किल्ला आहे. त्याचीही भिंत रोज ढासळायची. तिथल्या जाणत्यांनी उपाय सांगितला, की विधवेचा एकुलता एक मुलगा भिंतीत घाला. झुराब नावाचा पोरगा घातला. तिथल्या जुन्या गाण्यात त्याची आई भिंतीबाहेर उभी राहून विचारत राहते, की बाळा, भिंत कुठवर आली? आणि तो आतून सांगत राहतो. गुडघा, कंबर, छाती. हजारो मैलांवर तोच चिरा, तीच मापं. सर्बियात श्कोदरच्या गडाची गोष्ट अशीच आहे, रुमानियात अर्जेशच्या मठाची अशीच आहे, तिथं बायका चिणल्या आहेत. आपल्या शेजारी कानडी मुलखात तळ्याला पाणी लागेना म्हणून धाकटी सून तळ्याला दिल्याचं गाणं बायका गातात.

म्हणजे ही आपल्याच लोकांच्या मनाची गुलामी, हे माझं भाषण अर्धं तरी खोटं होतं. जिथं जिथं कोणी उंच भिंत बांधली, तिथं तिथं ही गोष्ट झाली. पण निवड बघा. कुठं विधवेचा पोर, कुठं धाकटी सून, कुठं महाराचा पोर. भिंतीला रक्त लागतं असं सगळेच म्हणतात. कोणाचं लागतं ते मात्र नेमकं ठरलेलं असतं. ज्याच्यामागं विचारणारं कोणी नाही, त्याचं.

जॉर्जियाच्या गोष्टीचं पुढं काय झालं, तेही सांगण्यासारखं आहे. दानिएल चोनकाद्झे नावाच्या तरुणाने १८६० च्या सुमारास तिच्यावर एक कादंबरिका लिहिली. तेव्हा तिथं भूदासपद्धत होती. माणसं जमिनीबरोबर विकली जात. त्याने किल्ल्याच्या गोष्टीत ही भूदासांची दुनिया भरली. किल्ला तोच, भिंत तीच, पण वाचणाऱ्याला विचारावं लागलं, की हा मालक कोण, आणि दुसऱ्याचं आयुष्य याच्या हातात कसं? १८६० सालीच तो गेला, जेमतेम तिशीचा असताना. १८६४ पासून तिथली भूदासपद्धत कायद्याने उठू लागली. कादंबरीने उठवली असं मी म्हणत नाही. पण गोष्ट फेकून न देता तिचा सवाल वर काढता येतो, हे त्याने दाखवलं. मी म्हशाला बरोबर उलटं केलं होतं.

आता मूळ प्रश्नाला हात घालू. एकाच्या मरणाने पुष्कळांचं भलं होत असेल, तर ते मरण योग्य की अयोग्य? तुमच्या अभ्यासवर्गात कोणी हा प्रश्न टाकला, की लगेच आकडे सुरू होतात. एक विरुद्ध हजार. आकड्यात हजार जिंकणारच. पण आजाच्या गोष्टीत आकडा नाही. त्यात दोन माणसं आहेत, देणारा आणि दिलेला. राजा देतो, नाईक देतो, बाप देतो. भिंतीत जातो तो मात्र चौथाच. आणि त्याच्याबरोबर एक पाचवी आहे, तिचं तर कोणी मोजतही नाही. त्यागाची थोरवी देणाऱ्याला मिळते, चिरा दिलेल्याच्या तोंडावर बसतो. देणारा आणि दिलेला जिथं वेगळे, तिथं त्याग हा शब्दच खोटा. ती फक्त पुण्याच्या भाषेतली विक्री आहे.

कोणी म्हणेल, स्वतःहून गेला तर? सुरामीच्या गोष्टीवर पाराजानोव्ह नावाच्या दिग्दर्शकाचा १९८५ च्या सुमाराचा सिनेमा आहे. माझ्या मुलाने मला तो घरी कॉम्प्युटरवर दाखवला. त्यात पोरगा आपखुशीने भिंतीत जातो, देशासाठी. सिनेमा देखणा आहे. पण बघताना मला पाटणचा मेघमाया आठवत राहिला. गुजरातेत सिद्धराज जयसिंहाने सहस्रलिंग तलाव बांधला, पाणी लागेना, बत्तीस लक्षणी माणूस हवा म्हणाले, आणि अस्पृश्य मेघमाया तयार झाला. मरताना त्याने मागून घेतलं, की आमच्या लोकांच्या गळ्यातलं थुंकीचं मडकं काढा, कमरेमागचा झाडू काढा, आम्हाला गावाजवळ राहू द्या. गुजरातेतले आपले लोक त्याला वीर मानतात. मीही मानतो. पण विचारा, की ज्याच्या गळ्यात मडकं आहे, त्याची खुशी किती खुशी असते? आणि ज्या हक्कासाठी एक जीव किंमत म्हणून मोजावा लागतो, तो हक्क कसला? राजाला तर तलावही मिळाला आणि उदारपणाचं नावही मिळालं.

बहिरनाकाची दोन गावं याच हिशेबातली. आपल्या बापजाद्यांचं वतनही याच हिशेबातलं. गावाची रात्रंदिवस चाकरी करा, मढी ओढा, आणि त्याबद्दल हा जमिनीचा तुकडा घ्या. तुकड्याचा अभिमान मात्र असा, की सोडवत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाचं बिल मांडलं, ते म्हणूनच. आपल्याला गाडण्याची किंमत आपणच इनाम म्हणून मिरवतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

एवढं बोलून थांबलो तर तुम्ही टाळ्या वाजवाल. पण आपल्या घरातलंही बघू. वेस्संतर जातक तुम्ही ऐकलं असेल. राजपुत्र वेस्संतर दानशूर. वनवासात एक ब्राह्मण येतो आणि त्याची दोन मुलं मागतो, जाली आणि कण्हाजिना. मुलं घाबरून तळ्यात कमळाच्या पानांखाली लपतात. बाप हाका मारून बाहेर बोलावतो आणि देऊन टाकतो. याला दानपारमिता म्हणतात. कित्येक बौद्ध देशांत ही कथा मोठ्या भक्तीने ऐकतात. मी ऐकतो तेव्हा मला वेस्संतर दिसत नाही. मला पानाखाली श्वास रोखून बसलेली पोर दिसते. बहिरनाकाला एक न्याय आणि वेस्संतराला दुसरा, असं आपल्याला करता येणार नाही. देणारा आणि दिलेला वेगळे असतील, तर गोष्ट कोणाच्या पोथीतली आहे हे बघायचं कारण नाही.

आणि त्याच परंपरेत कूटदंत सुत्तही आहे. शेकडो जनावरं खांबाला बांधून यज्ञ मांडून बसलेल्या ब्राह्मणाला बुद्ध एका जुन्या यज्ञाची हकिगत सांगतो. त्या यज्ञात एकही जनावर मारलं नाही, झाडं तोडली नाहीत, आणि दासनोकर मार खाऊन रडत कामाला जुंपले नाहीत. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. रक्त तर नकोच, पण दुसऱ्याचं रडूही नको. वेस्संतर आणि कूटदंत, दोन्ही आपल्या घरात आहेत. आपण कोणतं सांगायचं, आणि सांगताना कुठं थांबायचं, ते आपण ठरवायचं आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळं पुराण झालं. तर मुरबाडहून शहापूरला चला. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचं धरण १८९२ चं. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यात भातसाचा वाटा जवळजवळ निम्मा. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. धरणाच्या उशाला असलेल्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. त्यांना कोणी विचारलं की सांगतात, मुंबईकरता त्याग केला. कोणी केला? त्यांनी? त्यांच्या सह्या कुठं आहेत? मुरबाड तालुक्यात २०११ साली काळू धरणाचं काम वनजमिनीची मंजुरी मिळण्याआधीच सुरू झालं. तिथले आदिवासी आणि त्यांची संघटना नुसती हळहळत बसली नाहीत. कोर्टात गेली, आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. बुरुजात घालायला नेलेल्यांनी राजाचं स्वप्नच तपासायला मागितलं, असं ते होतं.

आणि सरळांबे. शहापूरजवळचं गाव. ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३ च्या मधल्या रात्री समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर चढवण्याचं यंत्र कोसळलं. वीस माणसं मेली. पोटासाठी लांबून आलेली माणसं. पेपरात आलं, 'वीस बळी'. बळी! भाषेला सगळं आठवत असतं. २०२५ साली महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. गाड्या पळतात. येतो जातो तो रस्ता बघतो.

आता माझं सांगतो. हे मी आजवर लिहिलेलं नव्हतं.

नामांतराच्या दिवसांत एका मोर्चाला मी आमच्या वस्तीतली पोरं नेली. त्यात एक सतरा वर्षांचा होता. विधवेचा एकुलता एक. त्याची आई म्हणाली, "दादा, याला मागं ठेव." मी म्हणालो, "मावशी, चळवळ बलिदान मागते." त्याला मी पुढं ठेवला, झेंडा घेऊन, कारण तो उंच होता. मी ट्रकवर होतो, कर्ण्यापाशी. लाठीमार झाला. त्याचा पाय गुडघ्यातून गेला तो कायमचा. मावशी मला एकदाच बोलली. म्हणाली, "दादा, मागितला कोणी? चळवळीनं का तू?" त्याच्यावर मी पुढं एक कविताही केली. लोकांना आवडली.

पोचिराम कांबळेंना मारलं, गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. त्यांच्यापुढं मान झुकलेलीच राहील. पण १४ जानेवारीला त्यांची नावं घेऊन नव्या पोरांकडे रक्त मागणारा जो स्टेजवर असतो, त्याच्याकडे नीट बघा. मी तिथं उभा होतो म्हणून सांगतो. तिथून बुरूज फार छान दिसतो.

मग कोणी मरूच नये का? धोका घेऊच नये का? तसं म्हणत नाही. मुरबाडच्या डोंगरात सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथं पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. कोतवाल वकील, न्हावी समाजातला. त्याने दुसऱ्याचा पोर पुढं केला नाही, स्वतः जंगलात राहिला. तिथं देणारा आणि दिलेला एकच होता. आणि महाड घ्या. तळ्याला पाणी लागावं म्हणून तळ्यात आपली माणसं घालायची, ही शेकडो वर्षांची रीत. २० मार्च १९२७ ला आपण तळ्यात उतरलो ते बळी जायला नव्हे, पाणी प्यायला. आणि ओंजळ भरणारा पहिला माणूस स्वतः बाबासाहेब होते. त्याच दिवशी आपल्या लोकांना मारही बसला. पण डिसेंबरात पुन्हा हजारो लोक जमले, जिवावर उदार होऊन, तेव्हा कोर्टाचा मनाईहुकूम बघून बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढं ढकलला. लोक द्यायला तयार असताना त्यांनी घेतलं नाही. पुढारी कशाला म्हणायचं, ते मला त्या नकारात दिसतं. माझ्या विशीतल्या नकारापेक्षा तो फार मोठा होता.

म्हणून तरुण मित्रांनो, तुमच्या वाडीत कोणी म्हातारा, म्हातारी अशी गोष्ट सांगत असेल, तर माझ्यासारखं उठू नका. बसा. पुरी ऐका. लिहून घ्या. मग विचारा, देणारा कोण आणि दिलेला कोण? हाच सवाल धरणाला विचारा, रस्त्याला विचारा, आपल्या जातकाला विचारा आणि आपल्या पुढाऱ्यालाही विचारा.

अलीकडे मी बुद्धवाड्यात ती गोष्ट सांगतो. एकतारी येत नाही, नुसती सांगतो. चिरे गळ्याशी आले की थांबतो आणि पाणी पितो. मागल्या पावसाळ्यात सातवीतली एक पोर म्हणाली, "काका, नाथनाकाला तरी त्याच्या बापानं दिलं. देवकाईला देणारा हा कोण? तिचा बाप तर तिथं नव्हता."

मला उत्तर आलं नाही. गॅझेटिअरातही नाही. आजाला विचारायची सोय मी १९७९ सालीच घालवली.

जय भीम.